वाचकाच्या हाती ग्रंथालय

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले, ते सरकारी आज्ञेने नव्हे, तर वाचनप्रिय नागरिकांच्या पुढाकाराने. ग्रंथांभोवती माणसे जमली आणि त्यातून संस्था उभ्या राहिल्या.

नवी मुंबईला हा वारसा आयता लाभला नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे आखीव नगर वसू लागले. निरनिराळ्या प्रांतांतील माणसे शेजारी झाली. परंतु नुसता शेजार म्हणजे समाज नव्हे. शिवाय वाशी-नेरूळहून सकाळी लोकल गाठणारा कारकून रात्री परततो, तेव्हा ग्रंथालयाचे दार बहुधा बंद झालेले असते.

अशा वाचकासाठी समाजमाध्यमे खरोखरच उपयुक्त आहेत. नव्या ग्रंथांची यादी, परतीच्या तारखेची आठवण, हव्या त्या पुस्तकाची आगाऊ नोंद, अभ्यासिकेतील मोकळ्या जागेची माहिती, हे सारे व्हॉट्सॲपवरून घरबसल्या होऊ शकते. वाचकाचा वेळ वाचवावा, हे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्रात मांडले होते. त्याच्या पालनाचे इतके स्वस्त साधन पूर्वी नव्हते.

मात्र अनेक ठिकाणी हे साधन सुप्रभाताच्या संदेशांत आणि जयंतीच्या चित्रांत बुडून जाते. ‘अमुक पुस्तक आहे काय?’ हा एकच महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. भिंतीवरचा सूचनाफलक पडद्यावर आला, एवढाच काय तो बदल!

दोष साधनाचा नाही. १९६७ च्या कायद्यान्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांतील बहुसंख्य सेवक तुटपुंज्या वेतनावर राबतात. देवघेव, नोंदी, वर्गणी सांभाळून संदेशांना उत्तरे द्यायची, तर त्या कामाला वेळ आणि मोबदला दोन्ही हवेत. दुसरी दक्षता गोपनीयतेची. समूहात एकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. म्हणून संमतीवाचून कोणालाही त्यात घेऊ नये. कोण काय वाचतो, हे तर चव्हाट्यावर येताच कामा नये. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा केला. पण ग्रंथपालाचा हा धर्म त्याहून जुना आहे.

रोज एक ठरावीक तास वाचकांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. प्रारंभास तेवढे पुरे. यंत्र संदेश पोहोचवील. पण वाचकाची आवड ओळखून त्याच्या हाती योग्य ग्रंथ देणारा ग्रंथपालच असतो. त्याला उपेक्षित ठेवून ग्रंथालय आधुनिक होणार नाही.