दोन रेघांचा अर्थ

एखाद्या मुलाने प्रेग्नन्सी टेस्ट केली आणि ती पॉझिटिव्ह आली तर? हसू नका मित्रांनो, असं खरंच होऊ शकतं!

गर्भ राहिला की वार एचसीजी नावाचं हार्मोन तयार करते. ते लघवीत उतरतं, म्हणून पट्टीवर दोन रेघा दिसतात. पण काही कॅन्सरच्या पेशीही हेच हार्मोन बनवतात.

वारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा पसरला की पूर्वी बाईचा जीवच घ्यायचा. अमेरिकेत डॉ. मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी १९५६ साली त्यावर मेथोट्रेक्सेट लागू पडतं हे जगापुढे मांडलं. एक्स-रेत गाठ दिसेनाशी झाली तरी एचसीजी शून्यावर येईपर्यंत ली औषध देतच राहिले. वरिष्ठांना हे पटलं नाही, लींना संस्था सोडावी लागली. पुढे त्यांचंच बरोबर ठरलं आणि १९७२ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या भाषेत, एरर शून्य होईपर्यंत कंट्रोलर बंद करायचा नाही!

आता त्या मुलाचं. वृषणाच्या काही कॅन्सरमध्येही एचसीजी वाढतं आणि हा आजार १५ ते ३५ या, म्हणजे आपल्याच वयात जास्त आढळतो. पण म्हणून मेडिकलमधून किट आणू नका. सगळ्याच गाठी हे हार्मोन बनवत नाहीत, त्यामुळे निगेटिव्ह टेस्टला काही अर्थ नाही. न दुखणारी गाठ किंवा सूज जाणवली तर लाज सोडा आणि सरळ डॉक्टरांकडे जा. वेळेत उपचार झाले तर हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो.