पुराव्याचा प्रवास आणि पंचांची सही

शाळा सुटण्याच्या वेळी किंवा कचेरीतील टेबल आवरत असताना पोलीस ठाण्याचा शिपाई पत्र घेऊन यावा आणि ‘साहेबांनी पंच म्हणून बोलावले आहे’ असा निरोप द्यावा, हा प्रसंग महाराष्ट्रातील शिक्षकांना व लिपिकांना अगदीच अपरिचित नाही. गंभीर गुन्ह्यांच्या तपासात सरकारी व निमसरकारी नोकरांना पंच म्हणून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. बोलावलेला मनुष्य बहुधा नाखुशीने जातो, चार पावले दूर उभा राहतो, लिहून तयार झालेल्या कागदावर सही करतो आणि लवकर सुटका झाली म्हणून समाधानाने घरी परततो. आपण एक उपचार पार पाडला, एवढीच त्याची समजूत असते. परंतु त्याच सहीवर पुढे एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य, क्वचित त्याचा प्राणही, अवलंबून असतो. आणि ज्या घरातील माणूस मारले गेले त्या घराला न्याय मिळणार की नाही, हेही पुष्कळ अंशी तेथेच ठरते.

विज्ञानाच्या या युगात असे म्हणणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. रक्ताच्या एका थेंबावरून माणूस ओळखता येत असताना पंचांच्या सहीचे एवढे काय महत्त्व, असे सुशिक्षितही विचारतात. चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांनी ही समजूत दृढ केली आहे. तेथे तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकात डोकावतो आणि गुन्हेगाराचे नाव सांगतो. वस्तुतः प्रयोगशाळा नाव सांगत नाही. तिच्याकडे आलेल्या दोन नमुन्यांत साम्य आहे की नाही, एवढेच ती सांगते. त्यांपैकी एक नमुना घटनास्थळावरूनच आला आणि दुसरा आरोपीचाच आहे, हे तिला स्वतःला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते सांगावयाचे असते पोलिसांनी, डॉक्टरांनी आणि पंचांनी. ही साखळी जेथे तुटते तेथे विज्ञानाला वाचा राहत नाही.

स्पर्शाची खूण

या शास्त्राचे मूलसूत्र फ्रान्समधील एडमाँ लोकार यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी १९१० साली लिऑन येथे पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तूंचा एकमेकींशी संबंध आला की प्रत्येकीचा काही अंश दुसरीवर राहतो, हे ते सूत्र. चोर खिडकीतून आत शिरला तर चौकटीचा रंग त्याच्या सदऱ्याला लागतो आणि सदऱ्याचा धागा चौकटीच्या खिळ्याला अडकून राहतो. मात्र हे सूत्र दुधारी आहे. ते चोराला लागू आहे तसे हवालदाराला, छायाचित्रकाराला आणि सांत्वनासाठी धावलेल्या शेजाऱ्यालाही लागू आहे. घटनास्थळी पाऊल टाकणारा प्रत्येक जण तेथे काही तरी ठेवतो आणि तेथून काही तरी नेतो. म्हणून पुरावा उचलण्याच्या आधी जागा राखणे, हे तपासाचे पहिले काम होय.

ते न केल्यास काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. २००८ साली नोएडा येथे एका शाळकरी मुलीचा तिच्या राहत्या घरी खून झाला. पहिल्याच सकाळी त्या घरात नातेवाईक, शेजारी आणि वार्ताहर यांची ये-जा सुरू झाली. ज्या घरगड्यावर प्रथम संशय घेण्यात आला, त्याचे प्रेत त्याच इमारतीच्या गच्चीवर दुसऱ्या दिवशी सापडले! २०१३ साली खालच्या न्यायालयाने मुलीच्या आईवडिलांना जन्मठेप ठोठावली. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. पहिल्या काही तासांत जे तुडवले गेले, ते पुढे कोणत्याही यंत्रणेला परत मिळवता आले नाही.

पुराव्याचा अर्थ किती ताणावा, यालाही मर्यादा आहे. बोटांच्या ठशांच्या शास्त्रात भारताचा वाटा मोठा आहे. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय स्थापन झाले. वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने गाजली, तरी तिच्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचे परिश्रम होते. पुढच्याच वर्षी जलपैगुडी भागातील चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला चालला. मयताच्या सामानातील बंगाली पंचांगावर उमटलेला ठसा त्याच्या जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. न्यायालयाने त्या नोकरास चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. ठसा स्पर्श सिद्ध करतो, खून सिद्ध करीत नाही, हा विवेक तेव्हाच्या न्यायाधीशांनी दाखवला. आज शंभराहून अधिक वर्षांनी तोच विवेक डी.एन.ए.च्या बाबतीत दाखवण्याची गरज आहे.

पिशवी, बाटली आणि लाख

घटनास्थळावरून प्रयोगशाळेपर्यंतचा पुराव्याचा प्रवास दिसावयास साधा असतो. त्यातील नियम तर घरच्या गृहिणीलाही पटावेत असे आहेत. रक्ताने भिजलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर आत दमटपणा कोंडतो, बुरशी धरते आणि जिवाणू रक्तातील डी.एन.ए. नासवून टाकतात. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. प्रत्येक वस्तूचे पाकीट वेगळे. आरोपीचा आणि मयताचा कपडा एकाच गाठोड्यात बांधला की पुढे सापडलेल्या डागाला काही किंमत उरत नाही. चित्रपटातील नायक पिस्तूल रुमालात धरून उचलतो, परंतु त्या रुमालानेच ठसा पुसला जाण्याचा संभव असतो. विषप्रयोगाची शंका असेल तर शवविच्छेदनात काढलेला व्हिसेरा सर्वसाधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात राखतात. तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर कित्येक विषांचा शोध अवघड होऊन बसतो.

यानंतर येते ते लाखेचे सील. पाकिटावर लेबल, लेबलावर पंचांच्या व अधिकाऱ्याच्या सह्या, त्यावर सील, आणि त्या सीलचा नमुना पत्रासोबत प्रयोगशाळेकडे. आपल्या राज्यातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाकीट पोहोचले की प्रथम ‘सील शाबूत व नमुन्याबरहुकूम’ आहे की नाही हे पाहून त्याची नोंद होते. मधल्या काळात पाकीट असते ठाण्यातील मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात. केव्हा आले, कोणी आणले, कोठे ठेवले, केव्हा व कोणाबरोबर पाठवले, याच्या नोंदी ज्या वहीत होतात, ती वही खटल्यात प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच महत्त्वाची ठरते. हिशेबाच्या वहीत एक दिवस कोरा राहिला तर लेखापरीक्षक काय म्हणेल, हे लिपिक-वाचकांस सांगावयास नको. येथे लेखापरीक्षक असतो आरोपीचा वकील, आणि त्याने तो कोरा दिवस दाखवून देणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

कापसाच्या काडीने दिलेला धडा

साधनसामग्री उत्तम असली म्हणजे असे घोटाळे होत नाहीत, असे मानण्याचे कारण नाही. २००७ साली जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एका तरुण महिला पोलिसाचा गोळी घालून खून झाला. तिच्या मोटारीवर एका अज्ञात स्त्रीचा डी.एन.ए. सापडला. तोच डी.एन.ए. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळाला होता. त्यांत खून होते तशा क्षुल्लक घरफोड्याही होत्या. या गूढ स्त्रीसाठी ३ लाख युरोंचे बक्षीस लावण्यात आले. अखेर २००९ साली उलगडा झाला. ती स्त्री गुन्हेगार नव्हतीच. नमुने टिपण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात तयार होत, तेथील ती एक कामगार होती. काड्या निर्जंतुक होत्या. परंतु निर्जंतुक म्हणजे डी.एन.ए.विरहित नव्हे. प्रयोगशाळांनी कोठेही चूक केली नव्हती. त्यांनी जे सापडले ते अचूक सांगितले. जे सापडले तेच गुन्ह्याच्या जागेचे नव्हते.

आपल्याकडील धडा याहून कडू आहे. दिल्लीच्या छावला भागातून २०१२ साली एका तरुणीचे अपहरण झाले आणि तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. तीन आरोपींना फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडले. कारणे अनेक होती. ओळखपरेड झालेली नव्हती, कित्येक साक्षीदारांची उलटतपासणी झालेली नव्हती. त्यांत हेही एक कारण होते की, १४ व १६ फेब्रुवारीस घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत ठाण्याच्या मालखान्यातच पडून होते आणि या काळात त्यांत फेरफार झालाच नसेल, असे न्यायालयास म्हणता आले नाही. या निकालाने देशभर संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. परंतु न्यायाधीशांवर रागावणाऱ्यांनी त्या अकरा दिवसांचा हिशेबही मागावयास हवा होता. आरोपी खरोखर दोषी असतील तर त्या दिवसांनी त्यांना सोडवले; ते निर्दोष असतील तर त्याच तपासाने त्यांना फाशीच्या दारात नेऊन उभे केले होते. दोन्ही अर्थांनी दोष एकच.

कायदा पुढे, व्यवस्था मागे

सुदैवाने कायद्याने आता पाऊल पुढे टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६व्या कलमान्वये सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक करण्यात आले आहे. ही तरतूद लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचे बंधन १०५व्या कलमाने घातले आहे. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका दुहेरी खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने डी.एन.ए. नमुन्यांविषयी देशभरासाठी सूचना दिल्या. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, विलंब झाल्यास कारण नोंदवले पाहिजे, खटल्याच्या काळात न्यायालयाच्या परवानगीवाचून पाकीट उघडता कामा नये, आणि नमुना घेतल्यापासून खटल्याच्या अंतापर्यंत तो कोणाकोणाच्या हातून गेला याची स्वतंत्र नोंदवही ठेवली पाहिजे.

या सूचना उत्तम आहेत. पण त्या पाळावयाच्या कोणी? सज्ज गाड्यांची उद्घाटने होतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात. ठाण्यात एक साधे शीतकपाट, कागदी पाकिटांचा पुरेसा साठा आणि मुद्देमाल सांभाळणाऱ्या कारकुनाला चार दिवसांचे शिक्षण, या गोष्टींचे उद्घाटन कोणी करीत नाही. विज्ञान महाग आहे हे खरे. परंतु खटले बुडतात ते बहुधा स्वस्त गोष्टींअभावी.

पंच नकोत का?

चित्रण होऊ लागल्यावर पंचांची गरजच काय, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो वरवरचा आहे. कॅमेरा जिकडे रोखावा तिकडेच पाहतो. त्याच्या पाठीमागे काय घडले हे त्याला विचारता येत नाही. पंचाला उलटतपासणीत विचारता येते. गावातील दोन प्रतिष्ठित, निःपक्षपाती माणसांच्या देखत झडती व्हावी, हा जुना नियम नव्या संहितेतही कायम आहे. सकारण नसताना पंच होण्यास नकार देणे हा गुन्हाही आहे.

तेव्हा बोलावणे आले तर जावे, आणि डोळे उघडे ठेवून जावे. वस्तू कोठे होती ते स्वतः पाहावे. आपल्यादेखत पाकीट बांधले आणि सील केले जाईपर्यंत थांबावे. लेबलावर सही आपल्या हाताने, त्याच जागी करावी. वेळ बरोबर लिहिली आहे ना ते पाहावे. पंचनामा संपूर्ण वाचावा आणि पाहिले नाही त्यावर सही करू नये. अधिकाऱ्याला हे नम्रपणे सांगण्यात त्याचा अवमान नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला असा पंच हवाच असतो, कारण चारपाच वर्षांनी न्यायालयात टिकतो तो हाच पंच.

सरकारनेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. साक्षीचे समन्स निघाल्यावर पंच दिवसभर न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून राहतो, सायंकाळी ‘पुढची तारीख’ ऐकून परततो, आणि कचेरीत रजेचा खुलासा देतो. अशा माणसाने पुन्हा पंच होण्यास उत्साहाने यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याची साक्ष ठरल्या दिवशी घेतली जाईल आणि तो दिवस कर्तव्यावरचा मानला जाईल, एवढी तरी हमी त्याला मिळावी.

मराठीत एखाद्या गोष्टीची कसून चिकित्सा केली की आपण तिचा ‘पंचनामा’ केला म्हणतो. भाषेने या शब्दाला जो अर्थ दिला, तो प्रत्यक्ष कागदाला मिळवून देणे पोलिसांच्या हाती आहे तितकेच आपल्याही हाती आहे. रक्ताचा थेंब खोटे बोलत नाही, असे म्हणतात. परंतु तो थेंब कोठून आला, हे सांगणारा माणूस खरे बोलणारा आणि खरोखर पाहिलेला असावा लागतो.