कुष्ठरोग आता घटस्फोटाचे कारण नाही

सुनेच्या दंडावर एक फिकट चट्टा दिसतो. तो खाजत नाही, दुखत नाही. चुलीवरचे गरम भांडे तिथे टेकले तरी कळत नाही. आशाताईंच्या आग्रहामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते आणि निदान होते कुष्ठरोगाचे. त्याच संध्याकाळी ओसरीवर घरची मंडळी जमतात. तरुण माणसे खाली मान घालून बसलेली असतात आणि सर्वांच्या नजरा घरातील वडीलधाऱ्यांकडे वळतात. तिला माहेरी पाठवायचे का? सोडचिठ्ठी घ्यायची का?

वाचकहो, असा प्रसंग चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वनप्रदेशात आजही कोणत्याही घरात उद्भवू शकतो. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण राज्यात ज्या जिल्ह्यांत अधिक आढळतात, त्यांत या दोन जिल्ह्यांचा समावेश होतो. अशा वेळी आपला शब्द बहुधा अखेरचा ठरतो. म्हणून तो उच्चारण्यापूर्वी वैद्यकशास्त्र काय सांगते आणि कायदा काय सांगतो, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

कायद्याची जुनी समजूत

बाबा आमटे आणि साधनाताई यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवनाचा पाया १९४९ साली घातला, तेव्हा या रोगाचे नावच ‘महारोग’ होते. घरच्यांनी टाकलेली माणसे तिथे आली, बरी झाली, शेती करू लागली, हातमाग चालवू लागली. त्यांतील अनेकांनी तिथेच नवे संसार मांडले. परत जाण्यासाठी त्यांचे घरच उरले नव्हते.

त्या काळचा कायदाही समाजाच्या भीतीपासून मुक्त नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ‘उग्र व असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग’ हे घटस्फोटाचे एक कारण होते. विशेष विवाह कायदा, ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला घटस्फोट कायदा आणि मुस्लिम पत्नीला विवाहविच्छेदाचा अधिकार देणारा १९३९ चा कायदा यांतही कुष्ठरोगाचा उल्लेख होता. सत्तरच्या दशकात एका डॉक्टर पतीने पत्नीच्या कुष्ठरोगाच्या आधारे मागितलेला घटस्फोट सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला होता. तत्कालीन वैद्यकीय ज्ञानानुसार त्या पत्नीचा आजार असाध्य मानला गेला.

त्यानंतर काही वर्षांतच हे ज्ञान बदलले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची, म्हणजे बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारताच्या राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात १९८३ पासून तो अवलंबला गेला. असाध्य म्हटला गेलेला आजार सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला. कायद्यातला शब्द मात्र आणखी साडेतीन दशके तसाच राहिला. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या अहवालात या भेदभावावर बोट ठेवले. अखेर २०१९ च्या व्यक्तिगत कायदे (सुधारणा) अधिनियमाने वर उल्लेखिलेल्या सर्व कायद्यांतून घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोग वगळण्यात आला.

याचा अर्थ सरळ आहे. ‘जोडीदाराला कुष्ठरोग आहे’ एवढ्या कारणावर आज कोणत्याही धर्माच्या पतीला किंवा पत्नीला न्यायालयातून घटस्फोट मागता येत नाही.

मग घटस्फोट कोणत्या कारणांनी मिळतो?

हिंदू विवाह कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख विवाहांनाही लागू आहे. त्याच्या कलम १३ मध्ये पुढील प्रमुख कारणे आहेत: विवाहानंतर परव्यक्तीशी स्वेच्छेने ठेवलेला शरीरसंबंध, शारीरिक वा मानसिक क्रूरता, सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ केलेला परित्याग, धर्मांतर, विशिष्ट स्वरूपाचा मानसिक विकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, आणि सात वर्षे किंवा अधिक काळ जोडीदाराचा थांगपत्ता नसणे. पत्नीसाठी याखेरीज काही स्वतंत्र कारणेही आहेत.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा असेल, तर पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. अर्जानंतर साधारणतः सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणांत हा काळ न्यायालय माफ करू शकते. एरवी विवाहाला एक वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अपवादात्मक हालअपेष्टांच्या प्रसंगीच न्यायालय तशी परवानगी देते.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी मानसिक विकाराचे कारण नीट समजून घ्यावे. आजाराचे नाव कागदावर आले म्हणून घटस्फोट मिळत नाही. विकार इतका तीव्र असावा लागतो, की त्या जोडीदाराबरोबर राहण्याची अपेक्षा दुसऱ्याकडून रास्तपणे करता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हेच तत्त्व स्पष्ट केले.

आणखी एक गोष्ट. आजारी पत्नीला घरातून काढून द्यायचे आणि दोन वर्षांनी ‘ती माझ्याजवळ राहत नाही’ म्हणून अर्ज करायचा, ही वाट कायद्याला मान्य नाही. स्वतःच्या चुकीचा लाभ कोणालाही घेता येत नाही, असे कलम २३ सांगते. उलट, अशा वेळी परित्याग करणारा पती ठरतो. पत्नी त्या कारणावर दाद मागू शकते आणि पोटगीचा दावाही करू शकते.

आदिवासी कुटुंबांसाठी

गडचिरोलीतील अनेक घरांना वर सांगितलेला कायदा लागूच होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ नुसार केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. गोंड, माडिया, परधान, हलबा आदी जमातींचे विवाह आणि विवाहविच्छेद त्यांच्या रूढीप्रमाणे चालतात. गावातील जाणती मंडळी बसतात, दोन्हीकडचे ऐकतात आणि निर्णय देतात. पुढे वाद न्यायालयात गेला, तर रूढी जुनी व सतत पाळली जाणारी असल्याचे सिद्ध करावे लागते. म्हणून बैठकीचा निर्णय लिहून ठेवावा आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

आदिवासी रूढीची ही मुभा इतरांनी आपलीही आहे असे समजू नये. ज्या समाजात सोडचिठ्ठीची सिद्ध रूढी नाही, तिथे स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीसमोर केलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. तशा कागदाच्या भरवशावर केलेला दुसरा विवाह बेकायदेशीर ठरतो. त्याची झळ पुढे म्हातारपणी लागते. कुटुंब निवृत्तिवेतन कोणाला, शेताच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे, असे प्रश्न उभे राहतात आणि तोवर साक्षीदार हयात राहिलेले नसतात.

नोटीस आली तर

न्यायालयाचे समन्स आले तर ते परत पाठवू नये, घाबरून लपवूनही ठेवू नये. दिलेल्या तारखेला कोणी हजर राहिले नाही, तर प्रकरण एकतर्फी चालू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. पत्नी जिथे राहते, त्या क्षेत्रातील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. त्यामुळे माहेरी आलेल्या लेकीला दूरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. खटला चालू असताना उत्पन्न नसलेल्या जोडीदाराला खर्चासाठी अंतरिम पोटगी मागण्याचा हक्क आहे.

उपचाराची कागदपत्रे आणि औषधोपचार पूर्ण झाल्याची नोंद जपून ठेवावी. तसेच, मुलाचे वा मुलीचे लग्न ठरवताना आजार लपवू नये. महत्त्वाची बाब दडवून संमती मिळवली, असा आरोप झाल्यास विवाह रद्द करण्याची मागणी होऊ शकते. मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट नात्याला सहसा तारते. उशिरा उघडी पडलेली गोष्ट ते मोडते.

घराने काय करावे?

रोगाविषयी मनात चार गोष्टी पक्क्या असाव्यात. हा रोग पाप, शाप किंवा आनुवंशिकतेने होत नाही. तो जंतूमुळे होतो. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ व निकट सहवासातून तो पसरू शकतो; परंतु सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. उपचार सुरू झाल्यावर रुग्णाकडून होणारा प्रसार लवकरच थांबतो. सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत मिळतात. घरातील इतरांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषधाची मात्राही दिली जाते.

म्हणून वेगळे ताट, वेगळे अंथरूण, वेगळी खोली यांची गरज नाही. गरज आहे ती गोळ्यांचा एकही दिवस न चुकवण्याची. उपचारादरम्यान चट्टे लाल होऊन सुजले, नसा दुखू लागल्या किंवा हातापायातील शक्ती कमी झाली, तर औषध बंद न करता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

ज्या घरांत आजी किंवा आजोबा तरुणपणी बरे झालेले कुष्ठरुग्ण आहेत, तिथे वाकडी बोटे पाहून नातवंडांना दूर ठेवले जाते. ती बोटे म्हणजे जुन्या इजेची खूण. रोग केव्हाच गेलेला असतो. अशा वृद्धांचे तळपाय रोज उजेडात पाहावेत. काटा रुतला, फोड आला तरी त्यांना जाणवत नाही. पाय थोडा वेळ साध्या पाण्यात बुडवून, नंतर ओलसर असतानाच तेल लावावे. मऊ तळाची पादत्राणे वापरावीत. चुलीजवळ आणि शेकोटीपाशी विशेष लक्ष असू द्यावे. पापणी पूर्ण मिटत नसेल, तर डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.

आता पुन्हा त्या ओसरीवर येऊ. तिथे वडीलधाऱ्या व्यक्तीने एवढेच म्हणावे: “औषध वर्षभराचे आहे, संसार जन्माचा आहे. उद्या सकाळी मी तिच्याबरोबर दवाखान्यात जातो.” ज्यांच्या घरी हे वाक्य कोणी उच्चारलेच नाही, अशी कितीतरी माणसे वरोऱ्याला आली आणि तिथेच म्हातारी झाली. कायद्याने आपली चूक उशिरा का होईना, दुरुस्त केली. घराला मात्र त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.