बुलेटचं ऑइल जातं कुठून, येतं कुठून

जुनी कास्ट आयर्न बुलेट दोन-तीन आठवडे दारात उभी राहिली आणि मग कुणी डिपस्टिक काढून पाहिली, की पहिला प्रश्न हमखास येतो: ऑइल गेलं कुठं? खाली डाग नाही, शेवटच्या फेरीत धूर नव्हता, आणि तरी डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. अशा वेळी बहुतेक जण अर्धा लिटर ओतून मोकळे होतात. गाडी सुरू होते, थोड्याच वेळात ब्रीदरच्या नळीतून ऑइल बाहेर येऊ लागतं, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, आणि इंजिन कामाला आलं असा निकाल लागतो. खरं तर इंजिनाला काहीच झालेलं नसतं. ऑइल गाडीतच होतं, त्यानं फक्त जागा बदलली होती.

ही जागा कशी बदलते ते कळलं की बुलेटच्या ऑइलची बाकीची सगळी निगा आपोआप उलगडते. म्हणून पाना हातात घेण्याआधी ऑइलचा रस्ता पाहून घेऊ.

इथं जिच्याबद्दल लिहितोय ती ३५० बुलेट मुळात इंग्लंडमधल्या रेडिचची. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली, मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला ही गाडी बनू लागली, आणि तिचं इंजिन पुढची पाच दशकं मूळ आराखड्याला धरून राहिलं. २००९ नंतर आलेल्या यूसीई इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल असतं आणि रचनाही वेगळी आहे. पुढचं काहीही त्या गाडीला लावू नये.

जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये ड्राय संपची पद्धत होती. म्हणजे क्रँक जिथं फिरतो त्या पोकळीत ऑइल साठवायचं नाही. साठा वेगळ्या टाकीत ठेवायचा, तिथून एका पंपानं बेअरिंगकडे पाठवायचं आणि खाली गळून आलेलं दुसऱ्या पंपानं पुन्हा टाकीत आणायचं. फायदा असा की जड फ्लायव्हील ऑइलमध्ये घुसळत बसत नाहीत. बीएसए किंवा ट्रायम्फच्या जुन्या गाड्यांत ही टाकी सीटखाली, बाहेरून दिसेल अशी असायची. रेडिचच्या लोकांनी ती क्रँककेसच्या कास्टिंगमध्येच, क्रँकच्या मागच्या बाजूला बसवली. बाहेरून पाहणाऱ्याला टाकी दिसतच नाही, त्यामुळे सगळं ऑइल एकाच पोकळीत आहे असा समज होतो. आत मात्र दोन खोल्या आहेत आणि मधे भिंत आहे.

दोन्ही पंप उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये बसतात. क्रँकच्या टोकावर एक वर्म असतो, तो एक दांडी हळू फिरवतो आणि त्या दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक पंप चालतो. फीड पंप टाकीतून ऑइल ओढतो आणि फिल्टरमधून पुढे ढकलतो. तिथून ते कव्हरच्या आतल्या वाटेनं क्रँकच्या टोकात शिरतं आणि क्रँकमधल्या छिद्रातून बिग एंडपर्यंत पोचतं. बिग एंडवरून उडालेले थेंब सिलेंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनवर पडतात. हेडमधल्या रॉकरना बाहेरून जाणारी पातळ नळी ऑइल पुरवते आणि ते पुशरॉडच्या बोगद्यातून परत खाली टायमिंगच्या बाजूला उतरतं. शेवटी खाली जमलेलं सगळं रिटर्न पंप उचलून टाकीत टाकतो. रिटर्न पंपाची क्षमता फीड पंपाच्या जवळपास दुप्पट ठेवलेली आहे, कारण त्याला फेसाळलेलं, हवा मिसळलेलं ऑइल उचलायचं असतं आणि क्रँककेस कोरडी ठेवायची असते.

आता पहिल्या प्रश्नाकडे. पंपाची सपाट डिस्क स्प्रिंगच्या दाबानं आपल्या बैठकीवर घट्ट बसलेली असते. वर्षानुवर्षं घासून तिच्यावर रेघा पडतात. इंजिन बंद असताना टाकीतलं ऑइल त्या रेघांतून हळूहळू पुढे सरकतं, बिग एंडमधून झिरपतं आणि क्रँककेसच्या तळाशी जमतं. याला वेट संपिंग म्हणतात. टाकी रिकामी दिसते, क्रँककेस भरलेली असते, आणि डिपस्टिक फक्त टाकीतलं सांगते. त्यात आपण अर्धा लिटर ओतलं की सुरू झाल्यावर रिटर्न पंप खालचंही वर आणून टाकतो. मग जास्तीचं ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर पडणारच.

म्हणून उभ्या गाडीत डिपस्टिक पाहून ऑइल ओतायचं नाही. गाडी फिरवून आणायची, सपाट जागी मेन स्टँडवर लावायची, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी डिपस्टिक पुसून पाहायची. तेव्हा दिसते ती खरी पातळी. गाडी कित्येक महिने उभी असेल आणि टाकीत फारच कमी ऑइल दिसत असेल, तर सुरू करण्याआधी क्रँककेसचा ड्रेन बोल्ट काढून खाली जमलेलं ऑइल स्वच्छ भांड्यात घ्यावं. स्वच्छ असेल तर ते गाळून टाकीत परत ओतता येतं.

काही आठवड्यांत थोडं ऑइल खाली उतरणं जुन्या गाडीला चालतं. पण रात्रीतून टाकी रिकामी होत असेल, तर डिस्क बैठकीवर पुन्हा बसवायची वेळ आली आहे. चांगला मेकॅनिक बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून डिस्क बैठकीवर फिरवतो आणि दोन्ही पृष्ठांवर सगळीकडे सारखा मंद रंग आला की थांबतो. स्प्रिंग आखडली असेल तर तीही बदलतो. या कामात कौशल्यापेक्षा स्वच्छता मोठी. पेस्टचा एक कणही कव्हरच्या वाटांमध्ये राहिला तर तो पहिल्यांदा बिग एंडकडेच जातो. कव्हर पेट्रोलनं नीट धुऊन, प्रत्येक छिद्रात हवा मारून घेतल्याशिवाय ते परत बसवू देऊ नका.

ऑइल बदलण्याचं काम साधं आहे. या गाडीला ३००० किलोमीटरचं अंतर योग्य. गाडी कमी चालत असेल तर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच गाडी चालली, तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही आणि ऑइल दुधाळ होतं. अशा ऑइलला किलोमीटर मोजायची गरज नाही, ते लगेच काढावं.

ऑइल गरम असताना काढावं म्हणजे गाळ त्याच्याबरोबर निघतो. दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणायचं, हातमोजे घालायचे आणि दोन्ही बोल्ट काढायचे: टाकीचा आणि क्रँककेसचा. फक्त टाकीचा बोल्ट काढून नवं ऑइल भरलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. खालचं जुनं ऑइल आतच राहतं आणि पातळीही चुकते. बोल्टला जाळी असेल तर ती पेट्रोलमध्ये धुवावी. वायसर नवा टाकावा आणि बोल्ट बेतानं आवळावा. क्रँककेस ॲल्युमिनियमची आहे. लांब पान्यावर जोर लावला की आटे निघतात आणि मग दहा मिनिटांच्या कामासाठी इंजिन उतरवावं लागू शकतं. नवं ऑइल सव्वादोन लिटरच्या आसपास लागतं, पण आधी दोन लिटर भरावं, गाडी फिरवावी आणि मग डिपस्टिक सांगेल तेवढंच वर घालावं.

फिल्टर म्हणजे टायमिंग कव्हरच्या कप्प्यात बसणारी नमद्याची नळी. दर वेळी नवी घालणं उत्तम, ती महाग नाही. काढताना स्प्रिंग, टोपी आणि वायसर कोणत्या क्रमानं निघाले ते कागदावर मांडून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. क्रम चुकला किंवा वायसर राहिला, तर ऑइल फिल्टरला वळसा घालून जातं किंवा वाटेतच अडतं. दोन्ही वेळा बाहेरून काहीच कळत नाही.

टायमिंग कव्हर उघडलं असेल तर एका छोट्या वस्तूकडे लक्ष द्यायलाच हवं. कव्हरमधून क्रँकच्या टोकात ऑइल जिथं शिरतं, तिथं कॉर्कचं लहानसं सील असतं. ते कोरडं पडून आकसलं की ऑइल बिग एंडकडे जाण्याऐवजी टायमिंगच्या पोकळीतच सांडतं. जुन्या बुलेटचा बिग एंड तरंगत्या बुशवर चालतो. बुश क्रँकपिन आणि कनेक्टिंग रॉड या दोघांमध्ये मोकळा फिरतो आणि सगळा भार ऑइलच्या पातळ थरावर असतो. तो थर तुटला की बुश लवकर झिजतो आणि खालून ठकठक येऊ लागते. कव्हर निघालं की कॉर्क नवा, हा नियम मी तरी कुणाला मोडू देणार नाही. खर्च नगण्य, आणि चुकलं तर संपूर्ण क्रँक बाहेर.

फिल्टर बदलल्यावर कप्पा रिकामा असतो, त्यामुळे लगेच किक मारून रेस करू नये. प्लग काढावा, त्याची टोपी वायरसकट बाजूला सुरक्षित ठेवावी, डीकॉम्प्रेसर दाबून वीस-पंचवीस वेळा किक सावकाश फिरवावी. मग गाडी सुरू करून आयडलवर ठेवावी आणि रॉकरच्या नळीचा वरचा बोल्ट किंचित सैल करून पाहावा. थोड्याच वेळात तिथं ऑइल पाझरायला हवं. पाझरलं नाही तर इंजिन बंद करून कारण शोधा. पाझरलं तर पंप ऑइल ढकलतोय एवढं नक्की, पण बिग एंडला पोचलंय याची खात्री मात्र या चाचणीतून मिळत नाही. ती खात्री फक्त नवा कॉर्क आणि स्वच्छ वाटाच देतात.

आता गळतीबद्दल. बुलेट ऑइल गाळणारच, असं इतक्या वेळा बोललं गेलंय की लोक ते निमूट सोसतात. मला हे पटत नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा ३४६ घन सेंटीमीटर हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते, आणि ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा घडतं. ही हवा बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो आणि त्याच्या नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह. पिस्टन खाली येताना चोच उघडते, वर जाताना मिटते, त्यामुळे आत किंचित पोकळी राहते आणि ऑइल आतच ओढलेलं राहतं. ते रबर कडक झालं, चिखलानं बंद झालं किंवा कुणी कापून टाकलं, की दाब प्रत्येक गॅस्केटमधून वाट काढतो. मग लोक गॅस्केटवर गॅस्केट बदलतात आणि सिलिकॉन थापतात. त्या सिलिकॉनचे तुकडे सुटून ऑइलच्या वाटेत अडकतात, तो धोका वेगळाच. गॅस्केटला हात लावण्याआधी ब्रीदरची नळी काढा, फुंकून पाहा, चोच नवी घाला. पुष्कळ इंजिनं एवढ्यावरच कोरडी होतात.

ऑइल कोणतं? २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल. याहून पातळ ऑइल घिसलेल्या डिस्कमधून लवकर उतरतं आणि जुन्या सांध्यांतून लवकर पाझरतं. महागडं सिंथेटिक घालून ते दोन वर्षं चालवण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदललेलं केव्हाही चांगलं. क्लच केसचं ऑइल स्वतंत्र आहे. तिथं जासो एमए दर्जाचं घालावं म्हणजे क्लच घसरत नाही, आणि पातळीच्या स्क्रूमधून ऑइल येऊ लागलं की थांबावं. न घालताच ते वाढलेलं दिसलं, तर क्रँकचं डाव्या बाजूचं सील गेलंय आणि इंजिनाचं ऑइल तिकडे चाललंय. गिअर बॉक्सही वेगळा, त्याची पातळी वेगळी तपासायची.

काढलेलं जळकं ऑइल लगेच टाकून देऊ नका. पांढऱ्या थाळीत थोडं ओतून उन्हात तिरपं धरा. करड्या रंगाची बारीक चमक थोडीफार असतेच. पिवळसर कण म्हणजे कुठलातरी बुश झिजतोय. लोहचुंबकाला चिकटणारे तुकडे दिसले तर गिअर, कॅम किंवा टॅपेट तपासल्याशिवाय गाडी लांबच्या फेरीला काढू नये. पाहून झालं की ऑइल डब्यात भरून झाकण लावा. ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये, लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायची जुनी पद्धतही सोडलेली बरी. वापरलेल्या ऑइलची गणना घातक कचऱ्यात होते आणि ते वारंवार कातडीला लागणं आरोग्याला वाईट. मोठ्या गॅरेजांकडून ते शुद्धीकरणासाठी उचललं जातं, डबा तिथं नेऊन द्यावा.