टीव्हीपुढे उभे राहून व्यायाम
व्हिडिओ गेमच्या यंत्राचा घरात उपयोग कसा करावा

मे महिन्यात आपल्या बरखेड्यात सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडवत नाही. पारा 40 अंशांच्या वर चढतो. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानावर चिखल असतो. मग मूल टीव्हीपुढे बसते. हातात व्हिडिओ गेम आणि शेजारी शेवेचा डबा. आजी आतल्या खोलीत पलंगावर असते. आई दिवसभर ओट्यापाशी उभी असते, पण नुसते उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे.

काही घरांत आता असे यंत्र आले आहे की ते बसून नव्हे, उभे राहून, हातपाय हलवून खेळायचे असते. कोणाच्या भाच्याने परदेशातून आणलेले, कोणी जुन्या बाजारातून घेतलेले. हा खरा व्यायाम आहे की पैसे घालवण्याचा नवा मार्ग, असे पालक आम्हांला विचारतात. नुसते होय किंवा नाही म्हणून भागणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गरज कशासाठी?

1956 साली भोपाळला हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. त्या काळी कारखान्यात आलेली माणसे सायकलने शिफ्टला जात आणि दिवसभर अंगमेहनत करीत. त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज पडली नाही. आज त्यांची मुले स्कूटरवर आणि नातवंडे सोफ्यावर आहेत. 2022 सालच्या परिस्थितीवरून काढलेला एक अंदाज 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे भारतातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांची शरीराला पुरेशी हालचाल होत नाही. त्यातही स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे: शंभरात सुमारे 57.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलेले प्रमाण असे: प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे खेळावे. पासष्टीच्या पुढील माणसांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व व्यायामाने ताकद वाढवण्याचाही सराव करावा. मधुमेह, रक्तदाब आणि म्हातारपणी पडून हाड मोडणे, या तिन्ही गोष्टी या हिशेबात येतात.

यंत्र कसे चालते?

या यंत्रांच्या मुख्यतः चार जाती आहेत.

पहिली हातात धरण्याची. निन्टेन्डो कंपनीचे वी हे यंत्र 2006 साली निघाले. त्याच्या दांडक्यात हालचालीचा वेग कसा बदलतो हे ओळखणारा भाग असतो. आपण हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते.

दुसरी पायाखालची. त्याच कंपनीने 2007 साली पाटासारखी एक फळी काढली. तिच्या चार कोपऱ्यांत वजन ओळखणारे भाग आहेत. आपला भार डावीकडे गेला की उजवीकडे, हे पडद्यावर दिसते. पाय ठेवून नाचण्याची चटई याच प्रकारातली.

तिसरी डोळ्याची. मायक्रोसॉफ्टच्या 2010 सालच्या किनेक्टमध्ये कॅमेरा असतो. तो खोलीत अदृश्य प्रकाशाचे ठिपके टाकतो आणि अंतर मोजून आपले गुडघे-कोपर कोठे आहेत ते ओळखतो. हातात काहीच धरावे लागत नाही.

चौथी कड्याची. 2019 साली निघालेल्या रिंग फिट या खेळात एक लवचीक कडे दोन्ही हातांनी दाबायचे व ताणायचे असते. मांडीला पट्टा बांधलेला असतो, त्यामुळे जागच्या जागी धावलेलेही यंत्राला कळते. 2020 च्या टाळेबंदीत माणसे घरात अडकली तेव्हा जगात अनेक ठिकाणी हा खेळ दुकानांत मिळेनासा झाला होता.

वीचे उत्पादन 2013 साली व किनेक्टचे 2017 साली थांबले. तरी जुने यंत्र चालू स्थितीत असेल तर त्यावर व्यायाम होतोच. यंत्र कपाटात ठेवताना मात्र सेल काढून ठेवावेत. आत राहिले तर ते पाझरतात आणि आतले भाग गंजतात.

श्रम किती होतात?

स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी शक्ती लागते ती एक पट धरू. सपाट रस्त्यावर भरभर चालताना साधारण साडेतीन पट लागते. जपानमधील संशोधकांनी वीवरचे 68 खेळ व व्यायाम मोजून 2010 साली निष्कर्ष मांडले. गोल्फला दोन पट, टेनिसला तीन पट, मुष्टियुद्धाला चार पटींहून थोडी जास्त शक्ती लागली. 68 पैकी 46 प्रकार हलक्या श्रमाचे निघाले व 22 मध्यम श्रमाचे. फार जोराचा एकही नव्हता.

याचा अर्थ असा की खेळ निवडून घ्यावा लागतो. मुष्टियुद्ध, नाच, जागच्या जागी धावणे यांत घाम निघतो. गोल्फमध्ये निघत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हातातल्या दांडक्याला फक्त दांडक्याची हालचाल कळते. सोफ्यावर बसून नुसते मनगट झटकले तरी सामना जिंकता येतो, आणि मुलांना ही युक्ती दोन दिवसांत सापडते. खोली मोठी नसली तरी चालेल, पण खुर्ची बाजूला सारावी.

साठ किलोच्या माणसाने अर्धा तास चार पटींचा खेळ केला तर सुमारे 120 कॅलरी खर्च होतात. एका तूप लावलेल्या पोळीचा हिशेब साधारण एवढाच. तेव्हा खेळ झाला म्हणून समोसा खाल्ला तर जमेपेक्षा खर्च जास्त होईल.

नुसते यंत्र आणून भागते का?

या लेखातील मुख्य गोष्ट हीच आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथे 9 ते 12 वर्षांच्या काही मुलांना वी यंत्र व हालचालीचे खेळ दिले, आणि काहींना बसून खेळायचे खेळ दिले. कसे, किती खेळावे हे सांगितले नाही. कमरेला हालचाल मोजणारे यंत्र बांधून 13 आठवडे नोंद ठेवली. 2012 साली निष्कर्ष आला: दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक पडला नाही.

पुढे लुइझियाना राज्यात बॅटन रूज येथे जादा वजनाच्या 46 मुलांवर दुसरा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2018 साली आले. अर्ध्या मुलांना किनेक्ट दिले, पण सोबत आठवड्याचे वेळापत्रक दिले, घरातल्या माणसाबरोबर किंवा मित्राबरोबर खेळायला सांगितले आणि एक मार्गदर्शक नियमित विचारपूस करीत राहिला. 24 आठवड्यांनी या मुलांचे उंचीच्या मानाने वजन थोडे उतरले. रक्तदाब व कोलेस्टेरॉलही सुधारले.

दोन्हीकडे यंत्र होते. दुसरीकडे ठरलेली वेळ, सोबत आणि विचारणारे माणूस होते. बैलजोडी दावणीला बांधली म्हणून शेत नांगरले जात नाही. सकाळी उठून जू मानेवर ठेवणारा लागतो. तसेच हे आहे.

घरी कसे करावे?

1. चारही बाजूंनी दोन-दोन हात जागा मोकळी करावी. सतरंजी व स्टूल बाजूला काढावेत. फरशी ओली नसावी. वर पंखा किती खाली आहे ते पाहावे.

2. दांडक्याची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळू नये. 2006 च्या डिसेंबरात दोऱ्या तुटून दांडकी हातून उडू लागली, तेव्हा कंपनीने जाड दोऱ्या बदलून दिल्या होत्या.

3. वेळ ठरवावी. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवे लागल्यावर. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत. पाणी जवळ ठेवावे.

4. पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटे खेळावे आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. सुरुवातीला व शेवटी पाच मिनिटे जागच्या जागी सावकाश चालावे.

5. श्रम बरोबर आहेत की नाहीत याची सोपी खूण: खेळताना बोलता यावे, पण गाता येऊ नये.

6. हात बदलावा. 2007 साली स्पेनमधील एका डॉक्टरांनी स्वतःचाच अनुभव एका वैद्यकीय नियतकालिकात कळवला होता. ते तासन्तास वीवर टेनिस खेळले आणि सकाळी उजवा खांदा दुखू लागला. खांद्याच्या स्नायूबंधाला सूज आली होती.

7. घरातल्या बाईची पाळी शेवटी ठेवू नये. अर्धा तास तिचा म्हणून ठरवावा आणि त्या वेळी कुकरकडे दुसऱ्याने पाहावे. रस्त्यावर एकटीने फिरायला जाणे जिला जमत नाही, तिला याचा सर्वांत जास्त उपयोग आहे.

कोणी जपावे?

आजीला नातू म्हणतो, “आजी, तू पण ये ना!” आजीने जरूर यावे. पण पायाखालची फळी जमिनीपासून थोडी उंच असते आणि चढता-उतरताना पाय अडखळतो. शेजारी जड खुर्ची ठेवावी आणि एक माणूस हाताच्या अंतरावर उभे राहावे. चक्कर येत असेल किंवा पूर्वी हाड मोडले असेल तर फळी नको. खुर्ची धरून उठबस करावी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी गूळ-साखर जवळ ठेवावी. व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. रक्तदाब असणाऱ्यांनी कडे दाबताना श्वास रोखू नये. अपस्माराचे झटके येणाऱ्यांनी लुकलुकणाऱ्या पडद्यापुढे खेळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी, तसेच भोपाळमध्ये 1984 च्या वायुदुर्घटनेत ज्यांच्या फुफ्फुसांना इजा झाली त्यांनीही विचारूनच सुरुवात करावी. छातीत दुखले, घाम सुटून जीव घाबरा झाला तर खेळ तेथेच थांबवून 108 क्रमांकाला फोन करावा.

यंत्र नसेल तर?

कर्ज काढून यंत्र घेऊ नये. सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, लंगडी आणि आपली फुगडी यांना वीज लागत नाही, आणि फुगडीने जो दम लागतो तो गोल्फच्या खेळाने लागत नाही. हवा बरी असेल त्या दिवशी मुलांना मैदानावरच पाठवावे. ऊन, माती आणि सोबती पडद्यावर मिळत नाहीत.

यंत्र मात्र घरात आधीच असेल तर ते उन्हाळ्याच्या दुपारी आणि पावसाच्या संध्याकाळी कामाला लावावे. आज रात्रीच जेवणाच्या वेळी घरातल्या सर्वांनी मिळून वेळ ठरवावी, कागदावर लिहावी आणि टीव्हीशेजारी चिकटवावी. महिनाभराने किती दिवस खूण झाली ते मोजावे. पंधरा दिवस भरले असतील तर यंत्राचे पैसे वसूल होऊ लागले असे समजावे.