द्राक्षबागेतला सेन्सर बॅटरी खातो कुठे?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत हल्ली वेलींजवळ एक बारकासा खांब दिसतो. पानांवरचा ओलावा, तापमान आणि मातीतली ओल मोजायची आणि आकडे मोबाइलवर धाडायचे, हे त्याचं काम. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी (केवडा) या रोगाचा अंदाज घ्यायला आणि थंडीत पारा घसरला की पहाटे शेकोट्या कधी पेटवायच्या हे ठरवायला तो कामी येतो. ढगाळ हवेत सौर पट्टी थकते, बॅटरी बसते आणि बोल लागतो सेन्सरला. खरं तर असं मोजमाप बहुधा स्वस्तात होतं. झोपलेलं यंत्र काही मायक्रोअँपिअरवर भागवतं. रेडिओ बोलू लागला की गरज दहा-वीस किंवा त्याहून जास्त मिलिअँपिअरवर जाते, म्हणजे हजारो पट.

‘मग झटपट पाठवून मोकळं व्हावं’ हे पटण्यासारखं वाटतं, पण गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ साली मांडलेलं गणित उलट सांगतं. सेकंदाला दर हर्ट्‌झमागे एक बिट पाठवायचा तर पोचणारा संकेत निदान गोंगाटाइतका जोरकस लागतो. दोन बिटांना तो तिप्पट लागतो, चारांना पंधरापट. वेळ पावपट झाला, तरी एका बिटामागची ऊर्जा पावणेचारपट! म्हणून संदेश पोचवायला मुदत असेल तेवढी पुरेपूर वापरावी, असं एलिफ उयसाल-बियिकोग्लू, बालाजी प्रभाकर आणि अब्बास एल गमाल या संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं. मुदत मात्र चुकवायची नाही.

यावरून ‘जितकं संथ तितकं बरं’ असा निष्कर्ष काढला तर तोही फसवा. वरचं गणित वेग कमी झाल्यावर प्रक्षेपणाची ताकदही कमी करता येते, असं धरून चालतं. शिवाय रेडिओ चालू ठेवण्याचा खर्च त्यात नाही. शेतीच्या यंत्रांत दिसणाऱ्या, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यात चालणाऱ्या लोरा रेडिओचं पाहा. लांबवर पोचण्यासाठी संदेश किती संथ करायचा हे ठरवणारा स्प्रेडिंग फॅक्टर ७ वरून १२ पर्यंत नेताना दर पायरीला संदेशाचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. ताकद तीच राहिली तर बॅटरीचा खर्चही त्याच प्रमाणात चढतो. अशा वेळी संदेश झेलणाऱ्या गेटवेचा अँटेना मांडवाच्या वर, उंच लावणं महागड्या बॅटरीपेक्षा फायद्याचं. संदेश खालच्या पायरीवरच पोचतो.

सगळे आकडे सारखेच तातडीचे असतात, हा समज मला सर्वांत खर्चिक वाटतो. मातीतली ओल तासाभराने कळली तरी ठिबकचं वेळापत्रक कोलमडत नाही. तो आकडा थांबवून पुढच्या संदेशात घालावा. पहाटे झपाट्याने उतरणारं तापमान मात्र रेंज कमजोर असली तरी, जास्त वीज खर्चून, लगेच पाठवलंच पाहिजे.

रेंज तुटून परत आली की ताजं तापमान आधी जावं. तुंबलेले जुने तापमानाचे आकडे शेकोटीच्या निर्णयाला निरुपयोगी. पण पानांच्या ओलाव्याचे मागचे आकडे गाळून चालत नाही. डाऊनीचा अंदाज पान सलग किती तास ओलं होतं यावर बेतलेला असतो, म्हणून ते साठवून सवडीने पाठवावेत.