रणगाड्यावरची विमानवेधी तोफ

जर्मनीचा ‘गेपार्ड’ खालून पाहिला तर लेपर्ड-१ रणगाडाच. वेगळं आहे ते वरचं फिरतं टरेट. त्याच्या दोन्ही बाजूंना ३५ मिलिमीटरची एकेक तोफ, मागे आकाश धुंडाळणारं रडार आणि पुढे हेरलेल्या लक्ष्याचा माग काढणारं दुसरं. दोन्ही तोफा मिळून मिनिटाला ११०० गोळे सोडू शकतात, पण प्रत्यक्षात मारा होतो तो छोट्या छोट्या फैरींचा.

खरी करामत गणिताची आहे. ताशी १८० किलोमीटरने जाणारं ड्रोन दोन सेकंदांत १०० मीटर पुढे सरकतं. म्हणून नेम ड्रोनवर नाही, ते जिथे पोहोचणार त्या जागेवर धरावा लागतो. तोफेच्या तोंडाशी बसवलेली यंत्रणा सुटणाऱ्या गोळ्याचा वेग मोजते आणि संगणक त्यानुसार नेम सुधारतो. हे सारं १९७०च्या दशकातलं आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

जर्मनीने गेपार्ड कालबाह्य ठरवून निवृत्त केले होते. २०२२पासून तेच युक्रेनमध्ये शाहेद ड्रोन पाडत आहेत. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र डागणं परवडत नाही. तिथे तोफच कामाची.